उकाड्याच्या गावातला केबलचा स्वेटर

रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला २०१७ च्या मार्चअखेरीस पारा ४६.५ अंशांवर गेला होता. रोह्यापासून भिरा फार लांब नाही. एरवीही पेण आणि रोहा तालुक्यांत घामाचे दिवस पुष्कळ आणि थंडीचे मोजके. तरीही इथे घरात कुणाला सातवा महिना लागला की आजीच्या नाहीतर मावशीच्या हातात लोकरीचा गुंडा दिसू लागतो. झबली, टोपडी, दुपटी, लाळेरी, कुंची असा बाळंतविडा विकत आणला तरी त्यात एक तरी वस्तू हातची हवी, आणि ती बहुधा स्वेटर असते. हात बसलेली बाई साध्या विणीवर थांबत नाही. पुढच्या भागावर ती केबल घालते, म्हणजे वेणीसारखा उठून दिसणारा पीळ.

इतक्या उकाड्यात एवढी जाड वीण कशाला, असं कुणी विचारलं तर ते चुकीचं नाही. पण थंडी इथे दुसऱ्या वाटांनी येते. पेणहून खोपोलीमार्गे खंडाळ्याचा घाट चढला, किंवा रोह्याहून कोलाडवरून ताम्हिणीतून पुण्याला निघालं, की तास-दीड तासात हवा बदलते. डिसेंबरच्या पहाटेची एसटी, रात्री उशिरा मोटारसायकलवरून घरी परतणं, लग्नाच्या वातानुकूलित हॉलमध्ये काढलेले तीन तास. आणि पावसाळा. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात जुलैची ओल मोठ्यांनाही सोसत नाही. तान्ह्या जिवाला आपलं तापमान सांभाळता येत नसल्यामुळे त्याला ऊब बाहेरूनच द्यावी लागते. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातल्या बायकांना घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, तेव्हा बाळ गार पडू न देणं हा त्या शिकवणीचा मोठा भाग होता. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्या कामाचे निष्कर्ष आले आणि पुढे देशभरच्या आशाताईंच्या घरभेटींना त्यातून वळण मिळालं.

तेव्हा स्वेटर हवाच. प्रश्न आहे तो कसा हवा याचा. माझं म्हणणं असं, की पेण-रोह्याच्या बाळाचा स्वेटर पेण-रोह्याच्या हवेचाच असावा. सिमल्याच्या बाळासाठी लिहिलेला नमुना जसाच्या तसा उचलून इथे चालत नाही. केबलच्या बाबतीत तर नाहीच, कारण केबलमध्ये कापड स्वतःवरच चढतं.

ते कसं, हे जवळून पाहण्यासारखं आहे. उलट टाक्यांच्या जमिनीवर सहा सुलट टाक्यांचा एक पट्टा चाललेला असतो. पाच ओळी तो सरळ चालतो. सहाव्या ओळीला पट्ट्याशी आलं की पहिले तीन टाके न विणता तिसऱ्या, दोन्ही टोकांच्या आखूड सुईवर घ्यायचे आणि ती सुई कामाच्या पुढे सोडून द्यायची. डाव्या सुईवरचे पुढचे तीन टाके आधी सुलट विणायचे, मग आखूड सुईवरचे तीन. एवढंच. जे टाके आधी यायचे ते नंतर आले, एक तुकडी दुसरीवरून गेली आणि पीळ डावीकडे झुकला. आखूड सुई मागे धरली असती तर तो उजवीकडे झुकला असता. पहिल्या दोन-तीन टाक्यांना लोकर ताणली जाते आणि मध्ये फट पडेल असं वाटतं. तिथे धागा किंचित ओढून पुढे जायचं. पुढच्या ओळीत फट मिटते. पीळ पाडायची तेवढी एक ओळ सोडली तर बाकी काम साध्या उलट-सुलटचं. म्हणून तर दिवा-रोहा गाडीत बसलेल्या बाईला पाच ओळी सहज विणता येतात. सहावी तिने घरी, उजेडात बसून विणावी.

पीळ पडला की रुंदी आत ओढली जाते, आणि नवख्या बाईचा हिशेब बहुधा इथेच चुकतो. एक वर्षाच्या मुलाची छाती साधारण ४६-४७ सेंटीमीटर भरते. हालचालीला जागा ठेवून स्वेटरचा घेर ५६ धरला, तर पाठीला २८ सेंटीमीटर हवेत. मध्यम जाडीच्या लोकरीवर १० सेंटीमीटरला २२ टाके येत असतील तर पाठीला ६२ टाके घालायचे. पुढच्या भागावर सहा-सहा टाक्यांच्या तीन केबली असतील तर दर केबलला दोन टाके वाढवून ६८. हे सहा टाके विसरले तर पुढचा भाग अरुंद होतो आणि बाळाच्या पोटावर बटणं ताणून बसतात. म्हणून आधी हातभर नको, पण तळहाताएवढा नमुना विणून, धुऊन, वाळवून मग मोजावा. मासिकातल्या नमुन्याने दहा नंबरच्या सुया सांगितल्या म्हणून आपला हात तेवढाच घट्ट असेल असं नाही. आपल्याकडच्या जुन्या मापांत नंबर वाढला की सुई बारीक होते, हेही नव्या मुलींना सांगावं लागतं.

गळ्याचं गणित निराळं. वर्षाच्या बाळाचं डोकं ४५-४६ सेंटीमीटर भरतं, म्हणजे जवळजवळ छातीएवढंच. मोठ्यांच्या स्वेटरसारखा बंद गळा केला तर तो डोक्यातून घालताना बाळ जे रडतं, त्यानंतर तो स्वेटर कपाटातच राहतो. खांद्यावर दोन बटणं तरी हवीत, किंवा सरळ समोरून उघडणारा करावा. मी समोरून उघडणाराच करते. बाळ झोपलेलं असताना घाम आला तर न उठवता काढता येतो. गळ्याशी नाडी किंवा गोंडा नको. बाळ तो तोंडात घालतं, नाहीतर तो मानेभोवती अडकतो. बटणं लहान घेतली तर ती दोऱ्याने दुहेरी पक्की करावीत.

लहान मुलासाठी केबलच का, याला माझ्याकडे एक सरळ कारण आहे. दोन-तीन रंगांचं नक्षीकाम केलं की आतल्या बाजूला धागे आडवे लोंबतात आणि बाळाची बोटं त्यांत अडकतात. जाळीच्या विणीला भोकं असतात, तिथेही तेच. केबल एकाच धाग्याची. आतून हात फिरवला तर काही अडकत नाही, आणि बाहेरून त्या उंचवट्यावर बाळ स्वतः बोट फिरवत बसतं.

ही वीण आपल्या किनाऱ्याची नव्हे. आयर्लंडच्या पश्चिमेला अटलांटिकमधल्या ॲरन बेटांनी ती जगभर पोहोचवली. तिथे म्हणे प्रत्येक घराण्याची वीण ठरलेली असे आणि बुडालेला माणूस स्वेटरवरून ओळखता येई. ही कथा खरी नाही. त्या बेटांवरचे भरगच्च केबलचे स्वेटर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे. पण जे. एम. सिंग यांच्या १९०४ च्या ‘रायडर्स टू द सी’ या नाटकात बहीण बुडालेल्या भावाचा मोजा टाक्यांच्या संख्येवरून ओळखते, आणि बहुधा तिथूनच हे सगळं फुगलं. स्वतः विणलेल्या कपड्याचे टाके विणणारीला पाठ असतात, एवढं मात्र त्यात खरं आहे. धरमतरच्या खाडीतल्या आणि कुंडलिकेच्या मुखाशी मासेमारी करणाऱ्या आपल्या कोळ्यांना असल्या स्वेटरची कधी गरज पडली नाही. आपल्या मुलखाची लोकर म्हणजे दख्खनी मेंढीची, घोंगडीची. ती उत्तम, पण बाळाच्या अंगाला टोचते. हातविणीची लोकर आपल्याकडे उत्तरेतून आली, लुधियानाकडून, आणि नमुने आले मासिकांतून. १९६२ च्या चीन युद्धात जवानांसाठी देशभरच्या बायकांनी स्वेटर आणि मोजे विणले. त्या पिढीचे हात मी पाहिले आहेत. गप्पा मारताना सुयांकडे बघायचीही त्यांना गरज नसे.

आता धाग्याविषयी, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथे होते. दुकानात ‘बेबी लोकर’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतं. मऊ, स्वस्त, धुवायला सोपं. पण ते घाम शोषत नाही, आणि ठिणगी लागली तर वितळून कातडीला चिकटतं. आपल्याकडे अजून अनेक घरांत न्हाऊ घातल्यावर बाळाला ओवा-बाळंतशोपांची धुरी देतात, बाळंतिणीची शेगडी खोलीत असते. तिथे ॲक्रिलिकचा स्वेटर अंगात नकोच, तो नंतर घालावा. खरी मऊ लोकर सहजी पेटत नाही, पण ती महाग आणि पावसाळ्यात जपायला कठीण. आपल्या हवेला सुती धागा सर्वांत बरा. मात्र सुताला लोकरीसारखी लवचीकता नसते. सहा टाक्यांचा पीळ सुतात पाडताना बोटं दुखतात आणि सगळा कपडा वजनाने खाली ओघळतो. म्हणून सुतात चार टाक्यांचीच केबल घालावी, दोनावर दोन, आणि पुढच्या दोन्ही पाख्यांवर एकेकच. पाठ सपाट ठेवावी. बाळ बराच वेळ पाठीवरच झोपलेलं असतं, त्याला तो उंचवटा रुतू नये. शिवाय पिळाची जागा उशिरा वाळते, आणि श्रावणात अर्धवट वाळलेल्या स्वेटरला कुबट वास धरतो.

बाह्या मी शक्यतो घालत नाही. बिनबाह्यांचा स्वेटर आत सुती झबलं घालून वर चढवला की छाती-पाठ झाकली जाते आणि हात मोकळे राहतात. बाळाचे तळहात गार लागले म्हणून आजी आणखी एक दुपटं घालते, तेव्हा हक्काने म्हणावं, “आई, मानेला हात लावून बघा.” मान घामेजली असेल तर स्वेटर काढायचा.

अशा स्वेटरला साधारण शंभर ग्रॅम धागा लागतो आणि पाठ-पुढा मिळून नऊ-दहा हजार टाके पडतात. मिनिटाला वीस-पंचवीस टाके धरले तरी नुसत्या विणण्याचे सात-आठ तास झाले. शिवण, बॉर्डर, बटणं वेगळी. यंत्रावर साधी वीण झरझर होते, पण घरगुती यंत्रावर केबलसाठी टाके हातानेच उचलून अदलाबदल करावे लागतात. कारखान्यातली यंत्रं ते आपोआप करतात, म्हणून बाजारातला केबलचा स्वेटर स्वस्त पडतो. पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मलेल्या विनोबांनी वर्ध्याजवळ नालवाडीला नुसत्या सूतकताईच्या मजुरीवर जगून पाहिलं होतं. हाताच्या कामाला किती कमी दाम मिळतो, हे त्यांना स्वतःच्या ताटावरून कळत होतं. पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यांत आणि पापडाच्या पाटावर राबणाऱ्या बायकांच्या कामाला निदान गिऱ्हाईक आहे. बाळाच्या स्वेटरला तासांचा दाम देणारं कुणी नाही. तो विकायला विणू नये, असं मला वाटतं. आणि कुणी विणून देत असेल तर “किती छान, मलाही एक करून द्या ना” असं सहज म्हणू नये. त्यात तिची पाच-सहा दुपारं जातात.

बाळ वर्षभरात वाढतं, स्वेटर नाही. म्हणून गळ्याकडून खाली विणत यावं. पुढच्या वर्षी खालची बॉर्डर उसवायची, टाके सुईवर घ्यायचे आणि केबल तिथूनच पुढे न्यायची. दहा सेंटीमीटर सहज वाढतात. घेर पुरत नसेल तर समोरून उघडणाऱ्या स्वेटरच्या पट्ट्या रुंद करता येतात. यासाठी त्याच लोकरीचा एक गुंडा राखून ठेवावा, आणि दर वेळी स्वेटरबरोबर तोही धुवावा, म्हणजे रंगात फरक पडत नाही. सोबत चिठ्ठी असावी: सुईचा नंबर, टाके किती, पीळ कितव्या ओळीला आणि आखूड सुई पुढे की मागे.