शांतताकाळातील अमेरिकी सैन्य आणि त्याची रसद
स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर खड्या सैन्याविषयी, म्हणजे शांततेतही पगारावर ठेवलेल्या फौजेविषयी, अमेरिकी काँग्रेसला इतका अविश्वास वाटत होता की २ जून १७८४ रोजी तिने वेस्ट पॉइंट व फोर्ट पिट येथील कोठारांच्या राखणीपुरती ८० माणसे ठेवून उरलेले सैन्य बरखास्त केले. मात्र पश्चिम सरहद्दीसाठी दुसऱ्याच दिवशी चार राज्यांकडे ७०० जणांची मागणी करावी लागली.

या सैन्याचे अन्न कंत्राटदार पुरवीत. त्यांना दर शिध्यामागे, म्हणजे एका सैनिकाच्या एका दिवसाच्या अन्नामागे, ठरावीक रक्कम मिळे, त्यामुळे हलका माल देण्यातच त्यांचा नफा असे. या पद्धतीची किंमत भयंकर होती: १७९१ मध्ये याच सरहद्दीवर जनरल सेंट क्लेअर यांच्या मोहिमेत पळालेल्या शिपायांपासून रसदीचा तांडा वाचवण्यासाठी सर्वांत अनुभवी पलटण मागे पाठवावी लागली आणि ती दूर असतानाच मूळ रहिवासी जमातींच्या संयुक्त सैन्याने ६०० हून अधिक सैनिक ठार केले.

तरीही कंत्राटाची ही पद्धत १८१२ च्या युद्धापर्यंत टिकली, हे खेदजनकच होय. अखेर १८१८ मध्ये युद्धमंत्री जॉन कॅल्हून यांच्या कारकिर्दीत स्वतंत्र अन्नपुरवठा खाते स्थापन झाले. जॉर्ज गिब्सन त्याचे प्रमुख झाले, घाऊक खरेदी होऊन माल कोठारांत तपासून घेतला जाऊ लागला, त्याचे वाटप जबाबदार अधिकाऱ्यांकडे आले आणि दूरच्या ठाण्यांवर सैनिक स्वतः भाजीपाला पिकवू लागले.