गरम जेवण कशात बांधून घ्यावे?

चंद्रपूर-वरोऱ्याकडून रुग्णाला घेऊन नागपूरला जाताना वाटेत वर्धा जिल्ह्यातले जाम लागते. चंद्रपूरचा रस्ता इथे नागपूर-हैदराबाद महामार्गाला मिळतो. अशा थांब्यावर आपण रुग्णासाठी गरम चहा, वरण किंवा आलूबोंडा बांधून घेतो. पदार्थ ताजा आहे ना, हे आपण विचारतो. तो कशात बांधला आहे, हे मात्र पाहत नाही.

पॅकिंगमधून अन्नात काय जाते?

प्लास्टिक, शाई आणि रंग यांतील रसायनांचा सूक्ष्म अंश अन्नात उतरू शकतो. अन्न जितके गरम, तेलकट किंवा आंबट आणि जितका जास्त वेळ पॅकिंगमध्ये राहील, तितके हे प्रमाण वाढते.

कारखान्यात काय तपासले जाते?

भारतात यासाठी अन्न सुरक्षा व मानके (पॅकेजिंग) नियम, 2018 आहेत. 1 जुलै 2019 पासून ते पाळणे बंधनकारक आहे. प्लास्टिकच्या नमुन्यावर अन्नासारखे द्रव, म्हणजे पाणी, सौम्य आम्ल, तेलासारखे द्रावक, ठरावीक तापमानात ठेवतात आणि त्यात किती अंश उतरला ते मोजतात. एक किलोमागे 60 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अंश उतरता कामा नये. रंगही सुटलेला दिसता कामा नये. काही धातूंना वेगळ्या मर्यादा आहेत. छपाईच्या शाईलाही मानक आहे आणि छापलेली बाजू अन्नाला लागू द्यायची नसते.

म्हणजे पॅकिंग सुरक्षित आहे की नाही, हे कारखान्यातच ठरते. दुकानदाराने कितीही स्वच्छता पाळली तरी साधी पिशवी अन्नासाठी योग्य होत नाही.

वर्तमानपत्राचा कागद का नको?

तो अन्नासाठी बनवलेलाच नसतो. त्यावरची शाई तळणाच्या तेलात सहज उतरते आणि हाताळणीतून जंतूही लागलेले असतात. याच नियमांनुसार त्यात अन्न बांधण्यास मनाई आहे.

एकदा खाल्ले तर?

घाबरू नका. एखाद्या वेळी खाल्ल्याने सहसा अपाय होत नाही. रोजची सवय टाळायची आहे. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्याबाबत अधिक काळजी घ्या. प्रवासात उलट्या-जुलाब झाले तर कारण बहुधा जंतू असतात. ताप, शौचात रक्त किंवा लघवी कमी झाल्यास लगेच डॉक्टरांना दाखवा.

तुम्ही काय कराल?

- रुग्णासाठी घरून स्टीलचा डबा आणि थर्मास न्या. चहा, दूध, वरण त्यातच घ्या.
- पातळ, रंगीत किंवा काळ्या पिशवीत गरम पदार्थ घेऊ नका.
- आलूबोंडा, भजी कोऱ्या कागदावर किंवा पानावर मागा.
- डब्याखालच्या त्रिकोणातला 1 ते 7 हा आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. तो सुरक्षिततेचा शिक्का नव्हे. पेला-काट्याचे चिन्ह आणि उत्पादकाचे नाव पाहा.
- एकदाच वापरायच्या डब्यात पुन्हा अन्न गरम करू नका. आइस्क्रीमच्या डब्यात लोणचे भरू नका.

घरात रुग्ण असेल तर डब्याची पिशवी औषधांच्या पिशवीसोबतच भरून ठेवा.