सार्वत्रिक रक्तद्रव

सार्वत्रिक रक्तद्रव : कोणत्याही एबीओ रक्तगटाच्या रुग्णास गट न जुळविता देता येणारा रक्तद्रव. मोठा रक्तस्राव, यकृताचे विकार इत्यादींमुळे क्लथन घटक (रक्त साखळण्यास आवश्यक प्रथिने) कमी पडल्यास रक्तद्रव देतात.

ओ गटाचा दाता सार्वत्रिक, ही समजूत इतकी रूढ आहे की, रक्तद्रवाचा नियम नेमका उलट असल्याचे पुष्कळदा विसरले जाते. ओ गटाच्या तांबड्या कोशिकांवर ए व बी प्रतिजन नसतात. पण रक्तद्रवात त्यांची दोन्ही प्रतिपिंडे असतात व ती इतर गटांच्या ग्राहीच्या कोशिकांचे विलयन करू शकतात. एबी गटाच्या रक्तद्रवात ही प्रतिपिंडे नसल्याने तो सर्वांस चालतो.

या नियमाचे टोकाचे उदाहरण मुंबईत आढळले. वाय्. एम्. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी १९५२ मध्ये वर्णन केलेल्या ‘बाँबे’ रक्तगटात कोशिकांवर एच प्रतिजनही नसतो व रक्तद्रवात अँटी-ए, अँटी-बी आणि अँटी-एच ही तिन्ही प्रतिपिंडे असतात. केवळ कोशिकांची तपासणी केल्यास हा गट ओ भासतो आणि चूक येथेच होते. कारण अशा व्यक्तीस ओ गटाच्या कोशिकाही घातक ठरतात. रक्तद्रव मात्र तिला कोणत्याही गटाचा चालतो. तिचा स्वतःचा रक्तद्रव तिच्याच गटाच्या व्यक्तीवाचून कोणास देता येत नाही [⟶ रक्तगट].

एबी गटाचे दाते थोडे असल्यामुळे ए, बी व एबी गटांचे रक्तद्रव ठराविक प्रमाणात मिसळण्याची पद्धत निघाली. रक्तद्रवातील विद्राव्य ए व बी द्रव्ये प्रतिपिंडांना बांधून निष्प्रभ करतात. मिश्रणाने त्यांची तीव्रताही घटते. तथापि एका दूषित दात्यामुळे सर्व साठा दूषित होण्याचा धोका यात असतो. दुसऱ्या महायुद्धातील मिश्र शुष्क रक्तद्रवामुळे अनेकांना कावीळ झाली होती. म्हणून आता विद्रावक व प्रक्षालक यांची प्रक्रिया करतात. तीमुळे यकृतशोथ बी व सी आणि एड्स यांच्या व्हायरसांचे मेदयुक्त आवरण नष्ट होते. आवरणरहित व्हायरसांवर मात्र तिचा प्रभाव पडत नाही.

साधा रक्तद्रव रक्तसंकलनानंतर ६ ते ८ तासांत केंद्रोत्सारणाने वेगळा करून −३०° से. वा त्याखाली गोठवितात. जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर असलेल्या माळशिरससारख्या तालुक्यापर्यंत तो नेताना तापमान सतत राखावे लागते व देण्यापूर्वी तो वितळविण्यात वेळ जातो. फ्रान्सच्या सैन्यदलाने तयार केलेला शुष्क सार्वत्रिक रक्तद्रव साध्या तापमानात टिकतो व निर्जंतुक पाण्यात काही मिनिटांत विरघळतो.