पेरियारचे पाणी आणि पेनिक्विकचा पोंगल

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, आपल्या देशात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी महाविद्यालयांत व्याख्याने होतात, संस्था पारितोषिके देतात. हा सोहळा बहुतांशी अभियंत्यांनीच अभियंत्यांसाठी केलेला असतो. तमिळनाडूच्या तेनी जिल्ह्यात मात्र एका अभियंत्याचा जन्मदिवस शेतकरी साजरा करतात, आणि तोही चुलीवर मडके ठेवून. १५ जानेवारी हा तो दिवस. आपल्या संक्रांतीच्या सुमारास येणाऱ्या पोंगलच्या सणाशी तो जुळून गेला आहे. पालारपट्टी या गावी त्या दिवशी स्त्रिया तांदूळ व गूळ घालून पोंगल शिजवितात आणि एका ब्रिटिश गृहस्थाच्या तसबिरीला हार घालतात. हा गृहस्थ म्हणजे जॉन पेनिक्विक. खोऱ्यातील कित्येक घरांत व दुकानांत ही तसबीर देवादिकांच्या शेजारी टांगलेली असते. काही आईबापांनी तर मुलाचे नावच पेनिक्विक ठेविले आहे.

या आदराचे मूळ तेथील भूगोलात आहे. पश्चिम घाटाच्या पश्चिम उतारावर मोसमी पाऊस मुबलक पडतो. पूर्वेकडील प्रदेश पर्जन्यच्छायेत असल्यामुळे कोरडा राहतो. पेरियार नदी घाटमाथ्यावर उगम पावून केरळातून अरबी समुद्रास मिळते. डोंगराच्या दुसऱ्या अंगास वैगई नदीचे खोरे, आणि तेथे दुष्काळ पाचवीला पुजलेला. पश्चिमेचे पाणी पूर्वेस वळविण्याची कल्पना रामनाड संस्थानात अठराव्या शतकाच्या अखेरीसच निघाली होती. परंतु १८०८ मध्ये पाहणी करणाऱ्या कॅप्टन कॉल्डवेल याने ती अव्यवहार्य ठरविली. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर मद्रास सरकारला तिचा पुन्हा विचार करणे भाग पडले, आणि १८८२ मध्ये योजना नव्याने आखण्याचे काम पेनिक्विक यांजकडे आले. त्यांचा जन्म १८४१ साली पुण्याचा, हे महाराष्ट्रातील वाचकांस कदाचित ठाऊक नसेल.

योजनेतील मर्म असे. नदी जेथून वाहते तो तळ डोंगरापलीकडे पाणी नेण्यास फार खोल होता. म्हणून अरुंद दरीत १७६ फूट उंचीचे व सुमारे १,२०० फूट लांबीचे धरण बांधून पाणी वर चढविण्यात आले. ते सुमारे १०४ फुटांच्या वर गेले की तेक्कडी येथील चरातून व पुढे डोंगर पोखरून काढलेल्या, मैलाहून अधिक लांबीच्या बोगद्यातून आपोआप पूर्वेकडे वाहू लागते. त्यास कोणताही पंप लागत नाही. पश्चिमवाहिनी नदी अशा रीतीने पूर्वेस वळली. बोगद्यातून निघालेले पाणी ओढ्यानाल्यांनी सुरुळी नदीत व तेथून वैगईत जाते. आता तेच लोअर कॅम्प येथील विद्युतगृहही चालविते.

धरणाचे काम १८८७ मध्ये सुरू झाले. दगडी बांधकाम चुना व सुरखी, म्हणजे विटांची पूड, यांच्या मिश्रणाने केलेले आहे. जंगल घनदाट, त्यात हिवताप. नदीस रोखण्यासाठी घातलेले तात्पुरते बांध पुराने पुन्हा पुन्हा वाहून नेले. रोगराईने शेकडो माणसे दगावली. त्यांची थडगी धरणाजवळच आहेत. १० ऑक्टोबर १८९५ रोजी मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड वेनलॉक यांच्या हस्ते उद्घाटन झाले. सरकारने पैसा बंद केल्यावर पेनिक्विक यांनी स्वतःची मालमत्ता विकून काम पुरे केले, असे खोऱ्यात भक्तीने सांगितले जाते. या कथेला कागदोपत्री भक्कम आधार मिळालेला नाही. तथापि लोकांनी ती जपली, यावरून त्यांना या माणसाविषयी काय वाटते ते कळते.

कंबम खोऱ्यात आज भाताची दोन पिके निघतात, शिवाय द्राक्षे, केळी व नारळ. पुढे मदुरै, शिवगंगा व रामनाथपुरम या जिल्ह्यांनाही या पाण्याचा लाभ मिळतो. लोअर कॅम्प येथे तमिळनाडू सरकारने १५ जानेवारी २०१३ रोजी पेनिक्विक यांचे स्मारक उघडले. तेनीच्या बसस्थानकासही त्यांचेच नाव आहे.

मात्र हा उत्सव डोंगराच्या एकाच बाजूस होतो, हे विसरून चालणार नाही. धरण केरळच्या भूमीवर आहे. त्रावणकोरशी १८८६ मध्ये झालेल्या ९९९ वर्षांच्या कराराने ती जागा मिळाली आणि धरणाचा कारभार तमिळनाडूकडे आहे. इतक्या जुन्या बांधकामाखाली राहणाऱ्या केरळातील लोकांना पावसाळ्यात झोप येत नाही. १९७९ मध्ये पाण्याची पातळी १३६ फुटांवर आणली गेली आणि धरणाला मजबुती देण्याचे काम हाती घेतले गेले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १४२ फुटांपर्यंत पाणी साठविण्यास अनुमती दिली. तोच आकडा तेनीतील शेतकरी आशेने वाचतो आणि वंडिपेरियारचा रहिवासी भीतीने.

पाऊस वेळेवर असला तर जूनच्या आरंभी तेक्कडीचे दरवाजे पहिल्या पिकासाठी उघडतात. अधिकारी व शेतकरी पाण्यावर फुले टाकतात, आणि ती बोगद्याच्या दिशेने वाहत जातात.