मांडवातलं यंत्र

संपादकांना हवा होता खरेदीचा सल्ला. खिशात मावेल, गाणं वाजवेल आणि गाणं टिपेलही असं डिजिटल यंत्र कोणतं घ्यावं, कुठून घ्यावं, घरी आणल्यावर काय काय करावं, एवढंच. हातात मोबाइल असताना असलं वेगळं यंत्र घेतं तरी कोण, हे आधी शोधायचं ठरवलं आणि शोध घणसोली गावठाणात जाऊन थांबला. तिथं एक निवृत्त गृहस्थ आहेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात त्यांनी इन्स्ट्रुमेंट विभागात नोकरी केली. दाबमापक, तापमापक तपासायचे, काटा चुकत असेल तर जागेवर आणायचा. छापून येणार असेल तर माझं नाव नको, म्हणाले. गावात त्यांना सगळे दादूस म्हणतात, इथेही तेच चालवू. दादूस लग्नाच्या मांडवात धवळे टिपतात.

आगरी लग्नात धवलारीण लागते. मांडवापासून हळदीपर्यंत आणि पुढे लग्नघटकेपर्यंत एकेका विधीचा एकेक धवळा. ती गाते आणि सोबतीण ओळ झेलते. एके काळी या समाजात लग्न लावण्याचा मान तिचाच होता, भटजी नंतर आले. धवळे हा प्रकार मराठीत किती जुना? तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या महदाइसेने गोविंदप्रभूंसमोर धवळे रचले, तिथपर्यंत त्याची लिखित खूण सापडते. घणसोलीतल्या बायांचे धवळे मात्र कुठे लिहिलेले नाहीत. पाठांतर आहे, आणि ते करणाऱ्या बायांनी सत्तरी ओलांडली आहे.

दादूसांचं यंत्र जपानच्या झूम कंपनीचं आहे, एच-१-एन, २०१८चं मॉडेल. टीव्हीच्या रिमोटएवढं. वरच्या टोकाला तारेच्या जाळीखाली दोन माइक एकमेकांना काटकोनात छेदून बसवलेले, मधोमध लाल बटण आणि त्याच्या वर एक गोल चकती. पोटात दोन बारीक पेन्सिल सेल आणि बत्तीस जीबीपर्यंतचं मायक्रोएसडी कार्ड. हेडफोन लावला की हेच यंत्र प्लेअर होतं, आणि धवलारणींना ते तसंच आवडतं.

या घराण्याचा इतिहास थोडक्यात उरकतो. १९९८ साली कोरियाचा एमपीमॅन आणि अमेरिकेचा रिओ बाजारात आले. रिओची स्मृती बत्तीस एमबी, म्हणजे जेमतेम एका कॅसेटच्या एका बाजूएवढी गाणी. २००० साली फ्रान्सच्या आर्कोस कंपनीने लॅपटॉपची हार्ड डिस्क खिशातल्या डबीत घातली आणि सहा जीबीचा ज्यूकबॉक्स काढला. पुढच्या वर्षी आयपॉड आला आणि जगाने त्यालाच डोक्यावर घेतलं, पण सुरुवातीच्या आयपॉडला कान नव्हते, तो फक्त वाजवायचा. आर्कोसने २००२ मध्ये ज्यूकबॉक्सला ते दिले. आत येणारा आवाज तो जागच्या जागी एमपी-थ्री करून साठवायचा.

आर्कोसची गंमत वेगळीच. यंत्र चांगलं, पण आतलं सॉफ्टवेअर रडकं. स्वीडनमधल्या ब्योर्न स्टेनबर्ग आणि मित्रांनी २००१च्या अखेरीस ते उसवायला घेतलं. कंपनीकडून कागदपत्रं मिळाली नव्हती. चिपवरचे आकडे उलट वाचत त्यांनी स्वतःचं सॉफ्टवेअर लिहिलं, रॉकबॉक्स, आणि ते सर्वांना फुकट दिलं. पुढे त्यात बोलणारे मेनू आले, म्हणजे यादी पुढे सरकली की यंत्र नाव उच्चारतं, आणि अंध श्रोत्यांना कुणाची मदत न घेता आपला प्लेअर चालवता आला. पैसे मोजून वस्तू घरी येते. ती आपली व्हायला आत हात घालावा लागतो. दादूसांच्या टेबलापाशी बसल्यावर मला ही स्वीडिश मंडळी आठवत राहिली.

कारण खरेदी पाच मिनिटांची. वाशीचं सेक्टर १७ धुंडाळा, नाही मिळालं तर लॅमिंग्टन रोड आहेच. कार्ड मात्र दादूस मिळेल तिथून घेत नाहीत. बाजारात नकली कार्डं आहेत, वर बत्तीस लिहिलेलं आणि आत आठ. असं कार्ड तक्रार करत नाही. आठ भरलं की पुढचं गिळतं किंवा जुन्यावरच लिहितं, आणि हे कळतं लग्न उरकल्यावर. म्हणून नवं कार्ड आलं की आधी ते संगणकात घालून एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाच्या फुकट प्रोग्रामने काठोकाठ भरायचं आणि परत वाचून पाहायचं. मग यंत्रात घालून तिथेच फॉरमॅट करायचं. त्यानंतर घड्याळ. सेल बराच काळ काढून ठेवले तर यंत्र तारीख विसरतं आणि सगळी गाणी एकाच दिवशी जन्मल्यासारखी दिसतात. त्यानंतर सेलचा प्रकार, साधे की चार्ज होणारे, हे मेनूत सांगायचं. नाहीतर शिल्लक दाखवणारी खूण खोटं बोलते. कारखान्यात काट्यावर विश्वास ठेवण्याआधी काटा तपासणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

मग प्रत. एमपी-थ्रीत तासभर गाणं साठ एमबीच्या आत बसतं. दादूस चोवीस बिट, अठ्ठेचाळीस किलोहर्ट्‌झची वेव्ह फाइल ठेवतात, तासाला एक जीबीहून थोडी जास्त. कारण विचारलं तर एमपी-थ्रीचं मर्मच सांगितलं. मोठ्या आवाजाखाली झाकलेला बारीक आवाज माणसाला ऐकू येत नाही असं धरून ती पद्धत तो बारीक आवाज टाकून देते. पण सोबतीण ओळ झेलते ती बरेचदा पहिलीच्या आवाजाखालीच. “कुठला आवाज फेकाचा ता यंत्रानं नाय ठरवाचा,” एवढं म्हणून त्यांनी विषय संपवला.

आता त्या चकतीकडे वळतो, कारण माझा निम्मा वेळ तिथेच गेला. शून्य ते दहा आकड्यांची ती चकती म्हणजे लेव्हल. जुन्या कॅसेटवर आवाज थोडा जास्त गेला तर फीत तो सोसायची, गाणं जरा जाड व्हायचं इतकंच. डिजिटलमध्ये वर छत आहे, शून्य डेसिबल. लाट छताला लागली की तिचा माथा सपाट कापला जातो, कर्र असा आवाज येतो आणि कापलेला माथा कुठलंही सॉफ्टवेअर खरेपणाने परत आणत नाही. उलट भीतीपोटी चकती फारच खाली ठेवली, तर नंतर आवाज वाढवताना यंत्राची स्वतःची सरसरही वाढते. दोन्हींच्या मधली जागा शोधायची, तीही गाणं सुरू होण्याआधी.

खरी अडचण इथे येते. स्टुडिओत गायकाला सांगतात, सगळ्यात चढी ओळ एकदा म्हणा. धवलारणीला हे सांगता येत नाही. दादूसांनी एकदा विचारलं, तर उत्तर मिळालं, “मांडव नाय तं धवला कशाचा?” विधीशिवाय ओळ निघत नाही. म्हणून त्यांनी वेगळी तोड काढली. ते धवलारणीला म्हणतात, मावशी, त्या टोकाच्या पोरीला हाक मारा. आयुष्य खाजणात, शेतावर आणि बाजारात गेलेली बाई हाक मारते तेव्हा तिचा पुरता आवाज बाहेर येतो. हाकेचा काटा उणे बाराच्या आसपास येईल अशी चकती लावायची आणि वर चिकटपट्टी मारायची, म्हणजे गर्दीत कुणाचा अंगठा लागला तरी ती हलत नाही. इतकी नेमकी, इतकी स्थानिक युक्ती कुठल्याही माहितीपुस्तिकेत मी वाचलेली नाही.

यंत्रात आपोआप लेव्हल लावायची सोयही आहे. ती बंद. कारण गाणारी दम घ्यायला थांबली की यंत्राला वाटतं आवाज पडला, आणि ते सगळं वर उचलतं. पंखा वर येतो, शेजारचा कुकर वर येतो. पुढची ओळ आली की सगळं धाडकन खाली. ऐकताना झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं गाणं वरखाली होत राहतं. खालचे सूर कापणारी चाळणी मात्र चालू, पण ऐंशी हर्ट्‌झपाशीच. पंख्याची आणि रस्त्याची घरघर तिथे अडते, बाईचा आवाज त्याच्या बराच वर असतो. चाळणी आणखी वर नेली तर आवाजाचं बूडच जातं.

२०२४ साली त्याच कंपनीने एच-१ एसेन्शियल काढला. तो बत्तीस बिट फ्लोटमध्ये टिपतो, म्हणजे लेव्हल लावायचीच नाही, कुजबुज आणि बँजो एकाच फाइलमध्ये बसतात. मेनू बोलून दाखवायची सोयही त्यात आहे. मी दादूसांना त्याची माहिती वाचून दाखवली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारलं की गाडी पार्किंगचा घुमारा तो काढतो का.

नाही काढत. आणि तिथपासून आमचं बोलणं यंत्रावरून घसरलं ते परत यंत्रावर आलंच नाही.

घुमाऱ्याचं मूळ जमिनीत आहे. १७ मार्च १९७० रोजी नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या पंच्याण्णव गावांच्या जमिनींवर नवं शहर उभं राहू लागलं. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढून मिळवलेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर इमारती आल्या आणि अंगणं गेली. आता मांडव पडतो इमारतीखालच्या पार्किंगमध्ये. वर काँक्रीट, खाली फरशी, चहूबाजूंनी खांब. आवाज छतावर आपटून परत येतो आणि दोन बायांच्या चार होतात. दादूस यंत्र गाणारीच्या अगदी जवळ, हातभर अंतरावर ठेवतात, मागे गोधडी टांगतात. पण हळदीच्या रात्री डीजेची भिंत उभी राहिली की गोधडीचं काही चालत नाही. तो सुरू होण्याआधी जे मिळेल ते मिळेल.

दुसरी गोष्ट कायद्याची. धवळा परंपरेचा, त्याला मालक नाही. पण ध्वनिमुद्रणाला आहे. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक ते घडवून आणणारा, म्हणजे इथे दादूस, आणि हा हक्क साठ वर्षांचा. गाणारीला कलावंत म्हणून स्वतंत्र हक्क आहे, तो पन्नास वर्षांचा. बटण दाबणाऱ्याला गाणारीपेक्षा दहा वर्षं जास्त! दादूसांनी यावर साध्या वहीत एक मजकूर लिहून घेतला आहे. गाणं घरच्यांना द्यायचं, बाहेर द्यायचं असेल तर विचारून, विकायचं नाही. खाली सही किंवा अंगठा. एका धवलारणीने अंगठा दिला नाही. तिच्या फाइली वेगळ्या फोल्डरात आहेत आणि त्या त्यांनी मलाही ऐकवल्या नाहीत.

तिसरी गोष्ट, ठेवायचं कुठे? याआधी हे काम महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर झालं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी पुण्याहून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर. नव्वदच्या दशकात बर्नार बेल यांनी त्यांतल्या काही डॅट फितींवर टिपल्या. डॅट हे त्या काळातलं खिशातलं डिजिटल यंत्र. फीत कॅसेटहून लहान, आत व्हीसीआरसारखं फिरणारं डोकं. सोनीने २००५ मध्ये डॅट यंत्रं बनवणं थांबवलं. ओव्या वाचल्या त्या वेळीच संगणकावर उतरवल्या म्हणून, आणि २०१७पासून परी या संस्थेने त्या गायिकांच्या नावागावासकट लोकांसमोर आणल्या म्हणून. पॉइतव्हाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. यंत्र, फीत, जमवणारे, सगळ्यांच्या मागे उभं राहायला माणसं होती आणि संस्था होती.

घणसोलीत एक माणूस आहे. त्याच्याकडे दोन हार्ड डिस्क आहेत, एक घरी आणि एक मुलीकडे खारघरला. वर्षातून एकदा दोन्ही जोडून प्रत्येक फाइल उघडते का ते तो बघतो. गावापासून थोड्या अंतरावर, महापे-ऐरोलीत, डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती रांगेने उभ्या आहेत. पनवेलला २०२० साली योट्टा कंपनीची अशीच अवाढव्य इमारत सुरू झाली. देशभरातल्या कंपन्यांचा हिशोब इथे ठेवायला जागा आहे. ही गोष्ट मला लागली, दादूसांना नाही. जागा भाड्याने मिळते, ते म्हणाले, पण आपल्यामागे भाडं कोण भरणार?

त्यांची काळजी वहीची आहे. प्रत्येक फाइलसमोर चार रकाने आहेत: गाणारी, विधी, तारीख, गाव. चौथा रकाना आता अडतो. नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा गावं उठली, त्यांत चिंचपाडा, कोल्ही, तरघर, वाघिवली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं. त्या गावांतल्या बाया आता पुनर्वसनाच्या वसाहतींत राहतात, आणि एकाच वसाहतीत तीन गावांचे धवळे एकमेकांत मिसळू लागले आहेत. गाव म्हणून सेक्टर लिहायचा, की जिथं ती ओळ शिकली ते? दादूसांनी रकाना उभा चिरून दोन केले आहेत. पहिल्यात हल्लीचा पत्ता जातो. दुसरा गाणारी स्वतः सांगते, आणि माहेर एका गावचं, सासर दुसऱ्या गावचं असेल तर तिथेही वाद होतो. मग तिच्या बहिणीला फोन लागतो, बहीण तिसरंच गाव सांगते, आणि रकाना पेन्सिलीने भरला जातो.