दम लागणे, चालणे आणि मध्यशरीराचे बल

भांडुप पश्चिमेच्या टेकडीवरील वस्त्यांतून येणारा मध्यमवयीन रुग्ण बहुधा एकच तक्रार सांगतो : चढ चढताना दम लागतो. हृद्रोग, पांडू, तमकश्वास यांचा निरास झाल्यावरही अनेकांच्या बाबतीत उरते ती व्यायामाभावी आलेली दुर्बलता. अशा रुग्णास 'रोज चाला' एवढे सांगून आपण मोकळे होतो. सल्ला योग्य असला तरी अपुरा आहे.

चालणे, पोहणे, सायकल चालविणे अशा एरोबिक व्यायामाने निरोगी प्रौढाच्या फुप्फुसांचे आकारमान फारसे वाढत नाही. स्पायरोमेट्रीचे आकडे बहुधा तसेच राहतात. वाढते ती हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची व स्नायूंची प्राणवायू वापरण्याची शक्ती. म्हणून तोच चढ कमी श्वासांत पार पडतो. रुग्णास हे आधीच सांगावे, अन्यथा पीक फ्लो मीटरचा आकडा हलला नाही म्हणून तो व्यायामच सोडतो. कितव्या पायरीवर थांबावे लागले, याची पंधरवड्याची नोंद हे त्याच्यासाठी अधिक बोलके माप होय.

मध्यशरीराचे कार्य निराळे. श्वासपटल केवळ श्वास आत घेत नाही. उदराच्या, कण्यालगतच्या व श्रोणितलाच्या पेशींसह ते धडही सावरते. बाजाराच्या जड पिशव्या घेऊन पायऱ्या चढताना ही दोन्ही कामे एकाच वेळी त्याच्यावर पडतात. उदराच्या पेशी बळकट असल्या तर हा भार वाटला जातो. शिवाय जोराचा निःश्वास व खोकून कफ बाहेर टाकणे या क्रिया त्यांच्यावरच अवलंबून आहेत.

दोहोंचा मेळ सूर्यनमस्कारात आपल्या घरीच आहे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याचा प्रसार केला. तथापि स्थूल, गुडघे दुखणाऱ्या रुग्णास पहिल्याच दिवशी बारा नमस्कार सांगणे मला उचित वाटत नाही. प्रथम सपाटीवर चालणे; सोबत उताणे निजून, गुडघे वाकवून, निःश्वासासह नाभी आत घेणे. प्लँक अगदी शेवटी. त्यातही श्वास रोखू देऊ नये, रक्तदाबाच्या रुग्णांत तर मुळीच नाही.

मात्रेविषयी सुश्रुताचार्यांचे बलार्धाचे लक्षण आजही उपयोगी आहे : हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागला, की थांबावे. चालताना बोलता आले पाहिजे, हा आधुनिक निकष त्याच्या जवळचाच. अतिव्यायामाच्या दुष्परिणामांत वाग्भटाचार्यांनी कासाबरोबर प्रतमकही गणला आहे.

दम्याच्या काही रुग्णांत व्यायामानेच वेग येतो. त्यांना सावकाश अंग तापवून मगच चालावयास सांगावे आणि चालू असलेला इनहेलर व्यायामाच्या भरवशावर बंद करू देऊ नये. चढताना छातीत दाब, चक्कर, पायांवर सूज किंवा रात्री उठून बसविणारा श्वास असल्यास व्यायामाची चिठ्ठी न लिहिता आधी ईसीजी व छातीचा एक्स-रे पाहावा.