नवा अल्बम, महिन्याला एक गाणं

नवा अल्बम श्रोत्यापर्यंत येतो कसा, हे आज आपल्या दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या बँडवरून पाहू. लोकगीत, प्रार्थना, गिटार, तबला, सगळं एकत्र वाजवणारी ही मंडळी. २००० सालच्या त्यांच्या 'कंदिसा'त नर्मदाकाठचं 'माँ रेवा' आहे.

पूर्वी कंपनीनं कॅसेट काढली तरच गाणी हाती पडायची. २०१० मध्ये यांनी कंपनीला फाटा दिला आणि '१६/३३० खजूर रोड' हा अल्बम महिन्याला एक गाणं, असा वेबसाइटवर फुकट दिला. नाव म्हणजे करोल बागेतल्या त्या जुन्या बंगल्याचा पत्ता, जिथे सराव चाले. आम्हा फौजींना असा थेट पत्ता आवडतोच!

तबला वाजवत गाणारे अशीम चक्रवर्ती डिसेंबर २००९ मध्येच गेले होते. ध्वनिमुद्रण त्याआधीचं. म्हणजे दर महिन्याला येणाऱ्या नव्या गाण्यात गेलेल्या माणसाचा हात होता, आवाज होता. सातवं गाणं आलं आणि ते संपलं.

२०२३ चा 'तू है' लावण्याआधी हा ऐका. एका बैठकीत, क्रमानं. फोनवर गाणी उलटसुलट लावणारं बटण असतं, ते आधी बंद करा.